कारणे दाखवा

चंद्रपूर जिल्ह्यात माणसानं काहीही वाढवावं, कुणी हरकत घेत नाही. पोट वाढवा, कर्ज वाढवा, घराचा ओटा दोन फूट रस्त्यात वाढवा, शेजारी फार तर त्याच ओट्यावर येऊन बसेल. पण पुरुषानं डोक्यावरचे केस वाढवले, आणि त्यातही ते कुरळे निघाले, की अख्खा जिल्हा त्याला कारणे दाखवा नोटीस बजावतो. तोंडी आणि रोज.

मी राहतो चंद्रपुरात आणि कारकुनी करतो गडचिरोलीच्या एका सरकारी कार्यालयात. त्यामुळे मला ही नोटीस दोन जिल्ह्यांतून येते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला खरा, पण वाटणी झाली ती तहसिलींची आणि जंगलाची. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची चौकशी दोन्हीकडे सामाईक राहिली.

पुरुषाच्या लांब केसांची मान्यताप्राप्त कारणं आमच्याकडे ठरलेली आहेत. नवस, नाटक, आजारपण, प्रेमभंग, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षा, म्हणजे 'पीएसआय झाल्याबिगर कात्री लावनार नाही' वगैरे. 'असंच' हे कारण त्या यादीत नाही. सुरुवातीला मी इमानदारीनं 'असंच' म्हणत असे. समोरचा क्षणभर गप्प व्हायचा, आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यात कुरळे केस वाढतात कुठल्या दिशेनं, हा प्रश्न वेगळाच. केस कुणाचेही महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटरच वाढतात. सरळ केसवाल्याचे ते सव्वा सेंटिमीटर निमूटपणे खाली येतात. माझ्या केसांची मुळं कातडीतच वाकडी, त्यामुळे ते निघतानाच वळण घेतात आणि उजवीकडे, डावीकडे, वर असे पसरतात. एक बट कायम ईशान्येला असते. टाळूचं तेल या वळणावळणानं टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी आणि चिडकी. ओले असले की खांद्याला टेकतात, वाळले की कानाच्या वर चढतात. बाबांना ते नेमके ओले दिसतात, तेव्हा ते म्हणतात, "बाईसारखे झाले, काप." आईला नेमके वाळलेले दिसतात, तेव्हा ती म्हणते, "वर्ष झालं, वाढले त नाहीच. मंग ठेवायचे कायले?"

पहिला धक्का बसला तो चौकातल्या सलूनवाल्याला. त्याच्याकडे आजवर तीनच हुकूम चालत आले: बारीक, मिडीयम आणि मशीन. माझं डोकं पाहून तो चौथा पर्याय स्वतःहून सुचवायचा, "पतले करून देऊ का भाऊ?" मी नुसता दाढीला जाऊ लागलो तेव्हा काही दिवस तो बोलला नाही. मग एकदा वस्तरा गळ्यावर असताना त्यानं विषय काढला.

"भाऊ, आमचं काही चुकलं का?"

"छे हो."

"मंग दुसरीकडे जाता का कटिंगले?"

"दुसरीकडे गेलो असतो तर कापलेले नसते का?"

हे त्याला पटलं, पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही. "म्हंजे कुठंच नाही जात?" तो म्हणाला. ज्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही आणि तरी जो सोडला गेला, अशा माणसाचा तो आवाज होता. तेव्हापासून मी दुकानासमोरून जाताना डोक्यावर दुपट्टा घेतो.

बाबा निवृत्त शिक्षक, त्यामुळे त्यांच्याशी वाद पुराव्यानिशी घालावा लागतो. मी सांगितलं, १९८९ मध्ये कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरला तेव्हा सोळा वर्षांच्या सचिनचं डोकं असंच होतं. बाबा म्हणाले, "त्याच्या डोक्याखाली बॅट होती." मग मी धोनी काढला. २००६ मध्ये लाहोरला पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनी, खुद्द मुशर्रफ यांनी, भर मैदानात त्याला केस कापू नकोस असं सांगितलं होतं. बाबांनी चष्मा काढला.

"मुशर्रफचं ऐकतोस, बापाचं ऐकत नाहीस."

"तसं नाही बाबा..."

"अन् धोनीनं बी कापलेच. २००७ चा वर्ल्ड कप जिंकून आला अन् कापले. तू का जिंकनार हायेस ते सांग, आपन तारीख काढू."

रस्त्यावरून हाक मारणाऱ्याचं वय मला आता मागं न बघता सांगता येतं. 'सत्यसाईबाबा' म्हणणारा साठीच्या पुढचा. 'वाह उस्ताद' म्हणणारा पन्नाशीतला, त्याच्या घरी टीव्ही लवकर आलेला असणार. 'मलिंगा' म्हणणारा चाळिशीच्या अलीकडचा. 'मॅगी' म्हणणारे अजून सायकलवर असतात आणि सापडत नाहीत.

उन्हाळ्यात प्रकरण तापलं. चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर जातो, नवतपा सुरू होतो, देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत आमचं नाव छापून येतं आणि आम्ही एकीकडे कांदा खिशात ठेवून दुसरीकडे थोडे फुशारतो. अशा दिवसांत माझ्याकडे पाहूनच लोकांना घाम येई. "डोक्यावर रजई घेऊन कसा फिरतो गा?" असं अनोळखी माणसंही गाडी थांबवून विचारत. मी अभ्यासाला लागलो आणि मला २०२३ सालचं एक संशोधन सापडलं. टीना लासिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसासारखा तापणारा पुतळा घेतला, त्याला माणसाच्या केसांचे टोप घातले, एक सरळ केसांचा, एक थोडा कुरळा, एक घट्ट कुरळा, आणि वरून दिव्यांचा प्रखर उजेड सोडला. निष्कर्ष असा की केसांमुळे डोक्याला लागणारी उन्हाची झळ कमी होते आणि सगळ्यांत कमी होते ती घट्ट कुरळ्यांमुळे. मी कागद छापून बाबांसमोर ठेवला.

"पुतळ्यावर केला का प्रयोग?"

"हो."

"पुतळ्याले घाम येत नाही."

"त्याचं डोकं ओलं करूनही बघितलं त्यांनी."

बाबांनी कागदाची घडी घातली. "आना म्हना त्याले चंद्रपुरात. मे महिन्यात. दुपारी लाइट गेल्यावर."

घट्ट कुरळ्यांच्या वर्गात माझे केस बसतात का, हा बारीक मुद्दा मी त्या वेळी काढला नाही. काढायला खरा मुद्दा होता तो कूलरचा. बाहेर हवेत पाण्याचा थेंब नाही आणि आत कूलरच्या ताट्यांतून ओला वारा. त्यामुळे माझे केस प्रत्येक उंबरठ्यावर बदलतात. घरात शिरलो की फुगतात, बाहेर पडलो की ताठरतात. शिवाय गावात कोळशाची धूळ आहेच. पहिल्यांदा न्हाणीतली बादली पाहून आई म्हणाली, "ऑफिस सोडून खाणीत लागला का बाबू?"

बायकोचा सुरुवातीला पाठिंबा होता. तो तिची कंडिशनरची बाटली संपेपर्यंत टिकला. मग मी जनरल स्टोअर्समध्ये गेलो आणि कुरळ्या केसांसाठी काही आहे का विचारलं. दुकानदारानं "वहिनींना का?" विचारलं, "मला" हे उत्तर ऐकलं, आणि सहानुभूतीनं खालच्या फळीवरून केस सरळ करायचं क्रीम काढून दिलं. आजीनं टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल सुचवलं. ते लावलं की केस बसतात आणि एसटीत शेजारचा उठतो.

शेवटी कळलं की जगभरातले कुरळे लोक ज्या गोष्टीच्या मागं लागले आहेत ती आमच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे: जवस. कृती सोपी. दोन चमचे जवस, कपभर पाणी, मंद आच, हलवत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्याइतका दाट चीक सुटला की गरम आहे तोवरच गाळायचा. थंड झाल्यावर तो गाळणीतून उतरत नाही आणि गाळणीही पुन्हा गाळणी म्हणून उपयोगाला येत नाही. हे आईच्या चहाच्या गाळणीवर सिद्ध झालं. ती स्वैपाकघरात आली तेव्हा मी पातेल्यावर वाकलो होतो.

"चटनी करून रायला का?"

"नाही. केसांना लावायचंय."

"जवस? केसाले?"

"हो."

"मंग खोबरेल तेल भाकरीवर लावू का?"

तो चीक मी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. त्याच संध्याकाळी मूलकडचे काका मुक्कामाला आले. काका रात्री उठून फ्रिज उघडतात ही त्यांची जुनी सवय आहे. सब्जाचं काहीतरी थंड केलेलं असावं असं समजून त्यांनी वाटीत साखर घातली आणि ती संपवली. सकाळी मी उठलो तर वाटी धुऊन पालथी ठेवलेली आणि काका ओसरीत बसलेले. इतका निवांत चेहरा त्यांच्या लग्नाच्या अल्बमातही नाही.

"बाबू, रातच्याले त्या वाटीत का होतं गा?"

मी घाबरून खरं सांगितलं.

"डोक्याचं औषध? अरे, ते पोटात जाऊन काम करते!" काकांनी माझा हात धरला. "किती वर्षं झाले बाप्पा, कितीक चूर्न खाल्ले."

आता काका दर आठवड्याला फोन करतात, केसांची खुशाली विचारतात आणि आईला बजावतात, "वयनी, पोराले केस कापू नोको देऊ." कुटुंबात माझ्या बाजूनं उभं राहिलेलं हे एकमेव मत, आणि ते आतड्यातून आलेलं.

टॉवेलनं पुसले तर कुरळे केस फुगतात, म्हणून ते जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळून ठेवावेत असं जाणकार सांगतात. घरात जुना आणि मऊ असा एकच टी-शर्ट होता, गेल्या निवडणुकीत फुकट वाटलेला. तो डोक्याला बांधून मी पहाटे नळाचं पाणी भरायला बाहेर आलो. हात जोडलेले उमेदवार नेमके माझ्या कपाळावर आले होते. शेजाऱ्यानं बादली खाली ठेवली. "भाऊ, तिकडं गेले का तुमी?" मी केसांचं कारण सांगितलं, पण ते राजकारणापेक्षा फारच कमी विश्वसनीय होतं. दुपारपर्यंत बातमी वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत पोचली आणि साहेबांनी बोलावलं.

"उमेदवार डोक्यावर घेऊन फिरता असं कळलं. वर्तणूक नियम माहीत आहेत ना?"

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मला माहीत आहेत, टायपिंग शिकलो तेच त्यांच्या प्रतींवर. खुलासा लेखी दिला. साहेबांनी तो वाचला आणि नजर वर नेली. "आणि हे केस? नियमात बसतात?" मी फायली उपसल्या. डिसेंबर २०२० मध्ये शासनानं पोशाखाचं परिपत्रक काढलं होतं, त्यात जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई होती आणि शुक्रवारी खादी घालावी असं होतं. केसांचा शब्द मला त्यात कुठं सापडला नाही. तसं मी साहेबांना नम्रपणे कळवलं. साहेबांच्या स्वतःच्या डोक्यावर केस हा विषय शिल्लक नसल्यामुळे फार खोलात गेलो नाही.

दौऱ्यावर आतल्या तालुक्यांत जायचं तर नाक्यावर गाडी थांबते. शिपाई ओळखपत्र बघतो, मला बघतो, पुन्हा ओळखपत्र बघतो. "हे तुमीच?" मीच. "अन् केस?" तेही माझेच. मग ड्रायव्हरची साक्ष काढली जाते. मोहफुलं वेचायच्या दिवसांत तर मी जंगलाच्या रस्त्यानं पायी जाणं सोडलंच आहे. एका पहाटे बुटाची नाडी बांधायला झाडाखाली वाकलो, तर पलीकडून बायकांनी "अस्वल, अस्वल!" करून टोपल्या टाकल्या. त्यांची चूक म्हणता येत नाही, त्या वेळी मोहाखाली अस्वलं येतातच. चूक मोहफुलांच्या वासानं दोन मिनिटं जास्त वाकून राहणाऱ्याची.

पावसाळ्यात मात्र डोक्याला सामाजिक प्रतिष्ठा आली. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेल काढून टाकलेला केस ताणून बांधायचा. हवा दमट झाली की तो लांबतो आणि काटा फिरतो. पुढं कितीतरी वर्षं वेधशाळांत अशी यंत्रं चालली. त्यात मोजके केस, माझ्याकडे लाखभर. एसटीत सावली गावाला चढणाऱ्या एका धानवाल्या शेतकऱ्याला मी हे हौसेनं सांगून बसलो. जून लागल्यावर तो चढल्या चढल्या माझ्या डोक्याकडे बघू लागला.

"साहेब, केस का म्हनते आज? पऱ्हे टाकू का?"

"फुगलेत, पण उभे नाहीत. थांबा दोन दिवस."

त्याच रात्री पाऊस कोसळला. पुढच्या भेटीत मी तोंड लपवत होतो, तर तोच समजुतीनं म्हणाला, "असू द्या जी, टीव्हीवाला बी थांबाच म्हने."

या सगळ्या प्रवासातलं खरं वळण मात्र वडशात आलं. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळी झाली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. ते दहाच्या पुढं सुरू होतं आणि तांबडं फुटायच्या बेतात संपतं, थंडीत शेकोटी आणि चादरी घेऊन लोक हलत नाहीत. नाटक कंपन्यांची बुकिंग कार्यालयं वडशात ओळीनं आहेत. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जुन्या दंडारीत तर बायकांची कामंही पुरुषच करायचे. तेव्हा वडशात लांब केसांचा पुरुष दिसला की तो कोण, हा प्रश्नच नसतो. कोणत्या कंपनीत, एवढंच विचारायचं. मी कार्यालयाच्या कामाला गेलो होतो आणि टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, गावच्या मंडईसाठी नाटक ठरवायला आलेले.

"कोन्त्या कंपनीत हाव जी?"

"कंपनीत नाही, ऑफिसात."

"ऑफिसात त डायरेक्टर बसते. डायरेक्टर हाव का?"

"नाही हो, कारकून."

"कारकुनाचा पार्ट?" ते हळहळले. "एवढे केस अन् साइड रोल. खलनायक काहून नाही देत तुमाले?"

"मी नाटकात नाही."

"तारीख खाली नाही म्हना ना सिद्धं." त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. "हे ॲडव्हान्स ठेवा. बाकी हिशेब पडदा पडल्यावर."

मी नको म्हटलं की ते आणखी एक नोट वाढवत. माझ्या काम करण्याला सरकार जे देतं ते मला माहीत आहे. काम नाकारण्याला एवढा भाव असतो हे तेव्हा कळलं. शेवटी मी आईची शपथ घेतली. ते नोटा धरूनच थांबले.

"मंग केस कायले वाढवले?"

"असंच."

नोटा खिशात गेल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, बराच विचार केला आणि एकदम चेहरा उजळून म्हणाले, "नवस असन! सांगत नसते." मग टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "यायचे पैसे माझ्याकडे. नवसाचा मानूस हाय."

तो चहा फुकट होता आणि त्या दिवसापासून मी सुधारलो. विचारणारा बघून कारण देऊ लागलो. म्हाताऱ्या माणसांना नवस. "कशाचा?" असं विचारलं तर "सांगितला की फळत नाही", मग ती स्वतःच मला गप्प बसवतात. कॉलेजच्या पोरांना स्पर्धा परीक्षा. नाक्यावर शूटिंग. लोक इतके खूश होऊ लागले की एवढे दिवस मी त्यांना नुसतं 'असंच' देऊन कसं वागवलं याचं वाईट वाटलं.

वाटपात थोडे गोंधळ झालेच. चैत्रात महाकालीच्या यात्रेच्या गर्दीत मी एकांना सवयीनं नवस सांगितला, तर ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे सर निघाले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "घाबरू नका. आम्ही जट मोफत कापून देतो. काहीही अनिष्ट होत नाही."

"सर, ही जट नाही. कुरळे केस आहेत."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते मायेनं म्हणाले आणि पिशवीत हात घातला. मी गर्दीत शिरलो.

परीक्षेची बातमी साहेबांपर्यंत गेली. नोकरी सोडून जाणार असाल तर आधी प्रलंबित फायली संपवा, असं त्यांनी लेखी कळवलं. आणि नवसाची बातमी, जी कुठंही जायला नको होती, ती आईकडे गेली.

आईचं केसांबद्दलचं धोरण सांगायला हवं. माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिला माझेच केस मिळालेत. तिला ते पोरांसारखे बारीक कापून हवेत. आई म्हणते, मुलीनं कापू नये. मला म्हणते, पुरुषानं वाढवू नये. रविवारी आम्ही बापलेक ओळीनं बसतो, आई एकाच वाटीतलं तेल दोघांना लावते आणि एकाच दमात दोघांना उलट उपदेश करते. मुलीनं तोडगाही सुचवला होता, "आजी, माझे काप आणि बाबाचे राहू दे, हिशेब सारखाच येईल." तो अर्थात फेटाळला गेला. अशा या आईला कुणीतरी सांगितलं की तुमच्या पोराचा नवस आहे. ती संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. डोळ्यांत पाणी. "आधी काहून नाही सांगितलं रे? मी वर्षभर बोलत राहिली."

मी तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. सांगितला की फळत नाही.

तेव्हापासून घरात माझ्या डोक्याला वेगळा मान आहे. जवस आईच उकळते, त्यासाठी वेगळी गाळणी आणली आहे. बाबा मुशर्रफवर बोलत नाहीत. चौकातल्या सलूनवाल्यानं दुकानाबाहेर येऊन माझा हात हातात घेतला, "भाऊ, मले काय काय वाटत होतं बाप्पा. फेडाले तिरुपतीले नोका जाऊ, माझ्याकडेच या." आणि मला, आता खरं सांगायला हरकत नाही, या केसांचा कंटाळा आला आहे. पुढचा मे यायच्या आत ते बारीक करून टाकावेत असं फार वाटतं. पण नवस पुरा झाल्याशिवाय आई कात्रीच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाही आणि नवस काय होता ते मलाच ठाऊक नाही.

तेव्हा वाचकहो, कुणाला एखादा बरासा नवस सुचला तर जरूर कळवा. तो नवतप्याच्या आत पुरा झाल्यासारखा दिसला पाहिजे, आईला पटला पाहिजे, आणि फेडायला एसटीनं चिमूरच्या बालाजीपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येता आलं पाहिजे. रजा शिल्लक नाही.